फलकावरची सूचना पाड्यापर्यंत



ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा सूचना फलक आपण सर्वांनी पाहिला आहे. तो किती अपुरा पडतो, हे मला सातपुड्यातील एका आजींमुळे कळले. त्यांच्या वनजमिनीच्या दाव्याची जागा पाहायला समिती येणार, अशी सूचना फलकावर लागली होती. मुले ऊसतोडीसाठी गुजरातेत होती आणि आजींना वाचता येत नाही. समिती आली आणि ‘दावेदार गैरहजर’ असे लिहून गेली. आजी म्हणाल्या, “दादा, कागद भिंतीवर होता, माझ्या कानापर्यंत नाही आला.”

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये माहिती आपणहून लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या साधनांत सूचना फलकाबरोबर जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेटही मोजले आहेत. स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे फलक ही फक्त सुरुवात आहे.

आमची पद्धत साधी आहे. बाजाराच्या दिवशी एक कार्यकर्ती फलकाचा फोटो काढते. मग तीच सूचना पावरीत, मिनिटभरात, आपल्या आवाजात सांगते. आधी तारीख, मग ठिकाण, मग सोबत न्यायचे कागद. रेंज असेल तिथे हा आवाज व्हॉट्सॲपवर जातो. रेंज नसेल तिथे ब्लूटूथने एका मोबाईलवरून दुसऱ्यावर. त्याला इंटरनेट लागत नाही. मोबाईल आठ-दहा मीटरच्या आत असले म्हणजे झाले. ब्लूटूथ असलेल्या बटणांच्या फोनवरही हे चालते. छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने गोंडी भाषेतील बातम्या अशाच मार्गाने गावोगाव पोहोचवल्या आहेत.

काही जण फलकाशेजारी क्यूआर कोड लावायला सुचवतात. तो उपयोगी आहे, पण बहुतेक कोड संकेतस्थळाचा पत्ता उघडतात आणि तिथे इंटरनेट लागते. छोटा मजकूर थेट कोडमध्ये साठवता येतो. तो रेंजशिवायही दिसतो. मात्र वाचता न येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून आमचा भर आवाजावर आहे.

दोन पथ्ये आम्ही पाळतो. आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक असलेल्या याद्या पुढे पाठवत नाही. आणि मुदत संपली की ‘ही सूचना आता जुनी झाली’ असा निरोप देतो, नाहीतर माणसे भाडे खर्चून फुकट तालुक्याला जातात.

आजींच्या जागेची पाहणी पुन्हा ठरली, तेव्हा तो आवाज उसाच्या फडात मुलाच्या मोबाईलवर पोहोचला. तो रात्रीच्या गाडीने आला आणि समितीला बांध दाखवायला आईशेजारी उभा राहिला. दाव्याचा निर्णय अजून व्हायचा आहे, पण या वेळी ‘गैरहजर’ असा शेरा पडला नाही.

आपल्या गावातील फलकासमोरून जाल, तेव्हा क्षणभर थांबा. त्यावरची सूचना कोणापर्यंत पोहोचली नसेल, ते आठवा आणि तिला वाचून दाखवा.