इंजिनाचा ठोका डोळ्यांनी पाहा



रब्बीच्या ऐन हंगामात विहिरीवरचे डिझेल इंजिन ठोका देऊ लागले की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाणी चुकले तर ते नुकसान पुढच्या पाण्याने भरून निघत नाही. मिस्त्री येतो, पेचकसाचे एक टोक इंजिनाला व दुसरे कानाला लावतो आणि म्हणतो, "खोलावे लागेल." खोलले की चार-आठ दिवस गेले, पैसा गेला तो वेगळाच. मिस्त्रीच्या मुरलेल्या कानाला मी कमी लेखत नाही. पण तसा कान गावोगावी नसतो. म्हणून ठोका डोळ्यांनी पाहण्याची एक रीत सांगतो. घरात आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जाणारे मूल असेल तर हा लेख त्याच्या हाती द्या.

खेळण्यात, गजराच्या घड्याळात आवाज करणारी पातळ पितळी चकती असते; तिच्या मध्यभागी पांढरा थर असतो. हिला पिझो चकती म्हणतात. काही स्फटिक दाबले की त्यांवर वीज उत्पन्न होते, हे पिएर व झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. या थराचा गुण तोच. चकती हलली की तिच्यातून बारीकशी वीज निघते. ती वीज ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघेच्या रूपाने दिसते: आडवा वेळ, उभा विजेचा दाब. हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे ऑसिलोस्कोप आता मिळतात. विहिरीवरच्या ओल्या जागी तसलेच वापरावे.

चकतीला तारा आधीच जोडलेल्या असतील तर उत्तम. नसतील तर एक पितळेला व एक पांढऱ्या थराला डाख देऊन जोडा. डाख झटपट द्या, फार तापला तर थराचा गुण जातो. वायर माइकला असते तशी जाळीच्या आवरणाची घ्या. दोन तारांमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर जोडा आणि प्रोब १० पटीवर ठेवा, कारण जोराच्या धक्क्याला चकती बरेच व्होल्ट देते. पितळी बाजू चपट्या लोहचुंबकाला पक्की चिकटवली की झाले. चुंबक बीडाच्या अंगाला घट्ट बसतो. मात्र तापलेल्या हेडवर किंवा सायलेन्सरजवळ लावू नका. वायर फ्लायव्हील व पट्ट्यापासून दूर बांधा; धोतराचा सोगा, पदर आवरूनच जवळ जा.

आता खरी गंमत हिशेबात आहे. १५०० फेऱ्यांचे एक सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन घ्या. मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, एका फेरीला ४० मिलिसेकंद. डिझेल दोन फेऱ्यांत एकदाच पेटते, म्हणजे दर ८० मिलिसेकंदांनी. पडद्याचा एक चौकोन २० मिलिसेकंदांचा ठेवला की दर चार चौकोनांवर एक उंच टोक दिसेल. ६५० फेऱ्यांच्या जुन्या संथ इंजिनाला हेच अंतर सुमारे १८५ मिलिसेकंद येते.

मधूनच एखादे टोक बसले, तर पेट चुकते आहे: आधी डिझेलमधले पाणी, नळीतली हवा, नोझल तपासा. व्हॉल्व्हही ८० मिलिसेकंदांतून एकेकदाच बसतात. त्यांचे बारीक टोक आपल्या जागी राहून मोठे होत गेले, तर टॅपेटची फट बघा. पण टोक दर ४० मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोष फेरीशी बांधलेला आहे: फ्लायव्हीलची चावी, कपलिंग, पाया. खात्रीसाठी डिझेल बंद करून इंजिन थांबेपर्यंत रेघ पाहा. पेटण्याचे टोक जाते; जे उरते ते यांत्रिक.

माझ्या पाहण्यातल्या एका विहिरीवर बोअर-पिस्टन बदलण्याचे ठरले होते, सुट्या भागांची यादीही झाली होती. तिथल्या पॉलिटेक्निकच्या पोराने चुंबक पायाच्या चारही बोल्टांजवळ आळीपाळीने लावला. तीन ठिकाणी रेघ शांत, चौथ्या ठिकाणी दर फेरीला दुप्पट-तिप्पट उंच. तिथला सिमेंटचा गिलावा खालून फुटून बोल्ट ढिला झाला होता. इंजिन त्या पायावर डुलत होते आणि आवाज मात्र पोटातून आल्यासारखा वाटत होता. पाया दुरुस्त झाला, यादी कपाटात राहिली.

या यंत्राने तेलाची पातळी कळत नाही, काळा धूर का येतो तेही नीट कळत नाही. एकाएकी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा मोठा आवाज आला किंवा तेलाचा दाब पडला, तर रेघ काढत बसू नका, इंजिन आधी बंद करा.

आणि हे काम इंजिन बिघडल्यावर सुरू करू नका. चांगले चालते आहे तेव्हाच, नेहमीच्या भारावर, रेघेचा मोबाइलवर फोटो काढा. चुंबक लावला त्या जागी रंगाचा ठिपका द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो तिथेच बसेल. तारीख, फेऱ्या आणि भार वहीत लिहून ठेवा.