‘प्रॉफेट’ तुरुंगात गेला, तेलाची बाटली मात्र वस्तीतच!

एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा. भीमजयंती तोंडावर आलेली. करमाडच्या विहारात वर्गणी, मिरवणूक आणि भोजनदानाची बैठक आटोपून आम्ही बाहेर पडलो, तर पायरीवर एक भगिनी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. शेंद्र्याच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे झाडलोट करणारी बाई. मुलाला फेफरे येतात, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. तिने मोबाइल आमच्यासमोर धरला. पडद्यावर कोट घातलेला एक तरुण माईक घेऊन ओरडत होता, समोर माणसे धडाधड कोसळत होती आणि मागे येशूच्या नावाचा गजर चालला होता. “दादा, ह्याला धरलंय म्हनत्यात. कशापायी धरलंय?” तिने विचारले.

आम्ही सांगितले. ती गप्प झाली. मग पिशवीतून तेलाची एक लहान बाटली काढून आमच्या हातावर ठेवली. ती त्या माणसाची नव्हती, अशाच दुसऱ्या एका प्रार्थनासभेतून आणलेली होती. ते तेल मुलाच्या कपाळाला लावायचे आणि गोळ्या बंद ठेवायच्या, असे तिला कोणीतरी सांगितले होते. दोन महिने गोळ्या बंद होत्या. आम्ही रागावून बोलायला लागलो, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. “दादा, ह्या विहारात मी पोराला घेऊन कितींदा बसले. कोनी इचारलं का, पोरगं कसंय म्हनून?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वकिली करताना उलटतपासणीत अनेकांना निरुत्तर केले, पण त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. म्हणूनच हा लेख.

तो मोबाइलमधला माणूस म्हणजे पंजाबचा बजिंदर सिंग. हरियाणातील यमुनानगरच्या जाट कुटुंबात जन्मलेला. तरुणपणी खुनाच्या एका प्रकरणात तो तुरुंगात गेला आणि तिथेच ख्रिस्ती धर्माकडे वळला. बाहेर आल्यावर २०१२ च्या सुमारास त्याने प्रार्थनासभा सुरू केल्या. जालंधर जिल्ह्यातील ताजपूर येथे ‘चर्च ऑफ ग्लोरी अँड विज्डम’ उभे राहिले आणि नंतर चंदीगडलगतच्या माजरी येथे मोठे केंद्र झाले. तो स्वतःला पास्टर नव्हे, ‘प्रॉफेट’ म्हणजे ईश्वराचा संदेष्टा म्हणवून घेऊ लागला. यूट्यूबवर त्याचे तीस लाखांहून अधिक वर्गणीदार झाले. आंधळा पाहू लागला, लंगडा चालू लागला, व्हिसा मिळाला, कर्ज फिटले अशा ‘साक्षी’ मंचावर होऊ लागल्या. २०२२ मध्ये एका कुटुंबाने आरोप केला की, आजारी मुलीला बरे करण्याच्या नावाखाली आपल्याकडून पैसे घेतले आणि मुलगी मात्र गेली. जानेवारी २०२३ मध्ये प्राप्तिकर खात्याने त्याच्या ठिकाणांवर झडती घेतली. गर्दी तरीही हटली नाही.

गर्दी का हटली नाही? हा प्रश्न टाळून जो कोणी बजिंदरला शिव्या देतो, त्याला त्या गर्दीतली माणसे दिसलेलीच नाहीत.

पंजाब हे देशात अनुसूचित जातींचे प्रमाण सर्वांत जास्त असलेले राज्य. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ३१.९४ टक्के, म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस. आणि शेतजमीन? बहुतेक सगळी जाटांच्या हातात. ज्या गुरूंनी जातिभेद नाकारला, त्यांच्याच भूमीत अनेक गावांत दलितांची गुरुद्वारे वेगळी आणि स्मशाने वेगळी. ही तीच भूमी, जिथे १९२६ मध्ये बाबू मंगूराम यांनी आदिधर्म चळवळ उभारली. याच जालंधरच्या बूटा मंडीत २७ ऑक्टोबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी जनसागरासमोर भाषण केले. याच पंजाबातील रोपड जिल्ह्यात जन्मलेल्या कांशीरामजींना पुण्यात नोकरी करत असताना बाबासाहेब सापडले. एवढा वारसा असूनही तिथल्या मजहबी शिखांच्या आणि वाल्मीकी समाजाच्या आयाबहिणी नशेने पोखरलेली घरे, बेकार मुले आणि न परवडणारे खासगी दवाखाने मागे ठेवून त्या मंडपात गेल्या. कारण तिथे त्यांना बसायला खुर्ची मिळाली, नावाने हाक मिळाली आणि डोक्यावर कोणीतरी हात ठेवला. आजवर ज्या डोक्याला कोणी शिवत नव्हते, त्या डोक्यावर हात!

हा पंथ मुळात उपेक्षितांचाच आहे, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये पेन्टेकॉस्टल लाट उसळली, ती उसळवणारा विल्यम सेमूर हा गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा काळा मुलगा. त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशीच लाट आली होती. तिथल्या मुली म्हणजे दुष्काळाने, वैधव्याने आणि घरच्यांनी टाकलेल्या. करमाडहून हीच वाट पुढे जालन्याला जाते. त्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामी अमलात बेथेल नावाचे गाव वसवले आणि मातंग समाजातील कुटुंबांना आसरा दिला. जालन्यात मिशनचा दवाखाना उभा राहिला. धर्मांतराबद्दल आपले मत काहीही असो, त्या लोकांनी फळा उभा केला, खाट टाकली, जखम धुतली. बजिंदरसारख्यांनी काय उभे केले? मंच, माईक आणि कॅमेरा! जुन्या मिशनरीने रोग्याला डॉक्टरकडे नेले, नव्या ‘प्रॉफेट’ने त्याला कॅमेऱ्यासमोर नेले. हा फरक ज्याला कळला, त्याला बजिंदरच्या उदयाचेही मर्म कळले आणि पतनाचेही.

कारण जिथे हिशेब मागणारा कोणी नाही, तिथे सत्ता सडतेच. चर्चला विश्वस्तांचा धाक नाही, धर्मगुरूवर वरिष्ठ नाही, शिक्षणाची अट नाही आणि देव थेट याच्याच कानात बोलतो, अशी समजूत! मग अशा माणसाला ‘नाही’ म्हणणार कोण?

त्याला ‘नाही’ म्हटले एका बाईने. मोहाली जिल्ह्यातील त्या महिलेने २०१८ मध्ये पोलिसांत तक्रार दिली की, परदेशी पाठवण्याचे आमिष दाखवून याने आपल्यावर बलात्कार केला, चित्रफीत काढली आणि ती पसरवण्याची धमकी दिली. जुलै २०१८ मध्ये लंडनला निघालेल्या बजिंदरला दिल्लीच्या विमानतळावर अटक झाली. पुढे जामीन मिळाला आणि जामिनावर सुटलेला आरोपी पुन्हा मंचावर चढला. खटला चालूच राहिला आणि त्याचा गजरही चालूच राहिला. ती बाई मात्र जवळजवळ सात वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. तारीख पडणे म्हणजे काय असते, हे आम्ही रोज पाहतो. त्या दिवशीची मजुरी बुडते, नातेवाईक तोंड फिरवतात, समोरची बाजू कधी पैसे तर कधी धाक दाखवते. दहांतल्या आठ बाया मध्येच खचतात. ही खचली नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस कपूरथळ्यात दुसऱ्या एका तरुणीने त्याच्यावर लैंगिक छळाची तक्रार नोंदवली. मार्चमध्ये कार्यालयात बाईला मारहाण करतानाची त्याची चित्रफीत देशभर पसरली. ती प्रकरणे वेगळी, त्यांचे निकाल कायद्याने वेगळे लागतील. परंतु २८ मार्च २०२५ रोजी मोहालीच्या न्यायालयाने २०१८ च्या खटल्यात त्याला दोषी धरले आणि १ एप्रिलला नैसर्गिक मृत्यूपर्यंत जन्मठेप ठोठावली. पुराव्याअभावी पाच सहआरोपी सुटले, हेही त्याच निकालात आहे. अपिलाचा हक्क बजिंदरलाही आहे आणि तो असलाच पाहिजे, कारण तो हक्क उद्या खोट्या गुन्ह्यात अडकवलेल्या आमच्या पोरालाही लागणार आहे.

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बजिंदरला कोणत्या कायद्याने खाली आणले? धर्मांतरबंदीच्या कायद्याने नाही. चर्चवर दगड मारणाऱ्या झुंडीने नाही. तो खाली आला साध्या भारतीय दंडविधानातील बलात्कार, मारहाण आणि धमकी यांच्या कलमांनी. गुन्हा २०२४ च्या नव्या संहितेपूर्वीचा, म्हणून कलमे जुनीच लागली. ही कलमे कोणाचा धर्म विचारत नाहीत. याच कायद्याने २०१७ मध्ये डेरा सच्चा सौदाचा गुरमीत राम रहीम वीस वर्षांसाठी आत गेला आणि २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. आज बजिंदरच्या निकालावर पेढे वाटणारे राम रहीमच्या वारंवारच्या पॅरोलवर का बोलत नाहीत? त्यांना बाईच्या अब्रूची काळजी आहे की बाबाच्या धर्माची?

आणि ही कलमे एवढी धारदार झाली कशी? १९७२ मध्ये आपल्या विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडून दिले. देशभरातील बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. १९९२ मध्ये राजस्थानात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवीवर अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात, तोही पंजाबचाच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटीदेखील शिक्षेला पुरेशी आहे. २०१३ च्या दुरुस्तीने विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरून केलेला बलात्कार अधिक गंभीर ठरवला. म्हणजे मोहालीच्या त्या बाईमागे उभ्या होत्या मथुरा आणि भंवरी. ज्यांना न्याय मिळाला नाही, त्यांनी दुसरीला न्याय मिळवून दिला! हा संविधानाचा चमत्कार आहे आणि त्याला तेल लागत नाही.

आपल्या महाराष्ट्राकडे आणखी एक हत्यार आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या रक्ताची किंमत देऊन २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा. अतींद्रिय शक्तीचा दावा करून फसवणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणे, दैवी शक्तीच्या नावाखाली बाईचे लैंगिक शोषण करणे, हे सारे गुन्हे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हा कायदा बुवा, मौलवी, पास्टर यांत भेद करत नाही. आणि निव्वळ प्रार्थना करणाऱ्याला तो हातही लावत नाही. हा तोल समजून घ्या. प्रार्थना हा गुन्हा नाही, प्रार्थनेच्या आडून केलेले शोषण हा गुन्हा आहे.

आता स्वतःकडे वळू. तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. बजिंदर आणि बुद्ध यांच्यातला फरक या एका शब्दात आहे. पण मार्गदात्याने आणखीही काही केले होते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला त्यांना दिसला. कोणी त्याची शुश्रूषा करत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, त्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून निजवले आणि मग संघाची कानउघाडणी केली. ही कथा विनयपिटकात आहे. आम्ही ती विहारात कितीदा सांगतो? आणि सांगितली तरी पायरीवर बसलेल्या त्या माउलीला पाणी कोण देतो?

आम्ही बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या. जयंतीला डीजे लावला. विहाराच्या अध्यक्षपदावरून धर्मादाय आयुक्तांपर्यंत भांडलो. त्या भांडणातल्या काही पक्षकारांची वकीलपत्रे आमच्याच बॅगेत आहेत, ही लाज आम्ही लपवत नाही. शिवाय बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा आम्ही इतरांना ऐकवतो आणि आपल्याच नेत्याला हिशेब विचारणाऱ्याला समाजद्रोही ठरवतो. कोट पांढरा असो, भगवा असो की निळा, प्रश्न न विचारता डोके टेकवले की बजिंदर तयार होतो.

त्या भगिनीचे काय झाले? दुसऱ्या दिवशी तिला आणि मुलाला घेऊन आम्ही घाटीत गेलो. फेफऱ्याच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या की झटके वाढतात, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. झटके पूर्ण थांबले, असे आम्ही म्हणणार नाही, ते कमी झाले. चमत्कार झाला नाही, उपचार झाला. रात्री ती अजूनही येशूचे नाव घेते. घेऊ द्या. तिची श्रद्धा तिची आहे आणि संविधानाचे कलम २५ तिचेही आहे. आमचे म्हणणे एवढेच की गोळी चुकू नये.

करमाडच्या विहारात आता महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडले जाते. कोणाचे दुखणे आहे, कोणाला घाटीत सोबत हवी, कोणाची पोलिसांत तक्रार घेतली जात नाही, हे लिहून घेतले जाते. वही साधी आहे आणि काम फार मोठे नाही. पहिल्या रविवारी तीन नावे आली, पुढच्या रविवारी अकरा. ही अकरा माणसे आजवर कुठे जात होती, हे आम्हाला आता कळले आहे.

बजिंदर तुरुंगात गेला. त्याची रिकामी जागा भरायला दुसरा निघालाच असेल. तो आपल्या वस्तीत पोहोचण्यापूर्वी आपण पायरीवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचणार आहोत की नाही? आपापल्या विहाराने याचे उत्तर द्यावे.

जयभीम!