देणगीची पावती, मुलाचा चेहरा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम सरकारने जाहीर केले तो दिवस १४ नोव्हेंबर २०२५, म्हणजे नेमका बालदिन होता. तेव्हापासून चर्चा सुरू आहे ती समाजमाध्यमे, गेमिंग ॲप आणि 'मूल अठरा वर्षांखालचे आहे हे कंपनी ओळखणार कसे' याचीच. दानधर्माकडे मात्र कुणी वळून पाहिलेले नाही. दर जूनमध्ये वह्यावाटप, दप्तरवाटप आणि 'एका मुलीचे शिक्षण दत्तक घ्या' अशा आवाहनांचा पूर येतो. त्यात मुलीचे नाव, गाव, शाळा, इयत्ता असते, वडिलांनी आत्महत्या केल्याचा उल्लेख असतो आणि शेवटी क्यूआर कोड असतो. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एवढा तपशील आपण आपल्या घरातल्या मुलीबद्दल शेजाऱ्यालाही सांगत नाही, मग गरिबाच्या मुलीबद्दल तो साऱ्या जगाला सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हल्ली संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये जीपीएस कॅमेऱ्याचे ॲप हमखास असते. फोटो काढला की खालच्या पट्टीत छोटा नकाशा, गाव-तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप छापून येते. सीएसआर निधी देणाऱ्या अनेक कंपन्यांना अहवालात असेच फोटो लागतात, कारण माल खरोखर पोहोचला याचा तो पुरावा असतो. बंधाऱ्याच्या किंवा सौर दिव्याच्या फोटोवर अक्षांश-रेखांश असले तर काही बिघडत नाही. तेच नववीतल्या मुलीच्या फोटोवर असले आणि तो फोटो अहवालातून संस्थेच्या फेसबुक पानावर गेला, की ती मुलगी कुठे सापडेल आणि तिच्या घरात वडील नाहीत, या दोन्ही गोष्टी कुणालाही कळतात. मुलाचा चेहरा ही देणगीची पावती होऊन बसली आहे, हे या प्रश्नाचे मूळ आहे. मुलांना दीनवाणे दाखवू नका, हसरे दाखवा, हा उपदेश म्हणूनच अपुरा पडतो. हसऱ्या चेहऱ्याची पावती केली तरी ती पावतीच.

कायदा याबाबत अगदीच गप्प नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोविडमध्ये अनाथ झालेल्या मुलांची ओळख उघड करून, त्यांच्या नावावर संस्थांनी निधी गोळा करणे थांबवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये राज्यांना दिला होता. पण विधवा आईजवळ राहणारे, शाळेत जाणारे, फक्त फीसाठी अडलेले मूल या व्याख्येत बसते की नाही, यावर वाद घालता येतो. संस्थेत राहणाऱ्या मुलाला कवच आणि घरात राहणाऱ्या गरीब मुलाला नाही, अशी ही फट आहे.

नवा डेटा कायदा ही फट बुजवेल का? कागदावर, हो. पालकांची पडताळणीयोग्य संमती न घेतल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात होईल एवढेच, की वाटपाच्या यादीसोबत आणखी एका कागदावर आईची सही किंवा अंगठा घेतला जाईल. संमती मुक्त आणि बिनशर्त हवी, असे कायदा म्हणतो. दप्तर हातात पडण्याआधी मागितलेली सही बिनशर्त कशी? संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे, असेही कायदा म्हणतो. शंभर व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलेला फोटो मागे कसा घेणार? 'पालकांची काही हरकत नाही' हा युक्तिवाद येथेच कोसळतो. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, त्याच्या होकाराला किती किंमत द्यायची?

आता सर्वांत वजनदार आक्षेप: चेहरा दाखवला नाही तर लोक पैसे देत नाहीत. याला पुरावा आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. सहभागी लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले किती दान कराल, असे विचारले. आफ्रिकेतल्या अन्नटंचाईची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाची गोष्ट फोटोसह वाचलेल्यांनी २.३८ दिले. गोष्ट आणि आकडे एकत्र वाचणाऱ्यांचे दान १.४३वर घसरले. म्हणजे हात सैल होतो तो एका माणसासाठी, लाखांसाठी नाही. संस्था याचा अर्थ 'खरे नाव, खरे गाव छापा' असा काढतात. पण प्रयोगातल्या दात्यांनी रोकियाच्या गावचा पत्ता मागितला नव्हता. त्यांना एक गोष्ट हवी होती. ती नाव बदलून, पाठमोऱ्या छायाचित्रासह किंवा चित्र काढूनही सांगता येते. त्याने देणगी थोडी घटेलही, पण मुलांच्या बदनामीवर मिळणारी ती वाढीव रक्कम आपल्या हक्काची होती कधी?

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे. बोगस संस्थांचा सुळसुळाट आहे, मग पुरावा मागू नये का? जरूर मागावा, पण फोटोने फक्त एक मूल आणि एक दप्तर एका क्षणी एकत्र होते एवढेच सिद्ध होते. ते मूल वर्षभर शाळेत टिकले का, हे हजेरीपटावरून कळते. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रायोजित मुलांचे शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने वाढल्याचे दिसले. मदत उपयोगी पडते, हे यातून ठसते. मुलाच्या स्वतःविषयीच्या अपेक्षा उंचावणे हाही त्या परिणामाचा एक भाग असावा, असे वायडिक मानतात. तसे असेल, तर वर्गात 'फोटोतला गरीब' म्हणून ओळख देणे म्हणजे आपल्याच देणगीवर पाणी ओतणे झाले. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही चेहरा फलकावर न झळकता. गृहचौकशी होते आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाते. अनुदान रखडते ही तक्रार खरी आहे, पण ते रखडणे फोटोअभावी होत नाही.

हे बदलायला मे २०२७ची, म्हणजे नियम पूर्ण लागू होण्याची, वाट पाहावी लागत नाही. संस्था फोटो देतात कारण देणगीदार मागतात. कंपन्यांनी करारातली मुलांच्या फोटोची अट काढून टाकावी. त्याऐवजी फीच्या पावत्या, सांकेतिक क्रमांकाने नोंदवलेली हजेरी आणि त्रयस्थाकडून तपासणी मागावी, आणि त्या तपासणीचा खर्चही द्यावा. पाचशे रुपये देणाऱ्यानेही 'मूल दाखवा' न म्हणता 'हिशेब दाखवा' म्हणावे. जी संस्था हिशेबाऐवजी मूलच पुढे करते, तिला पैसे देऊ नयेत.