व्यायामाचा सल्ला आणि लोकांचा सहभाग

‘दररोज अर्धा तास चाला’ हे वाक्य आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसातून कित्येकदा लिहून दिले जाते. सल्ला शास्त्रशुद्धच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ व्यक्तीने आठवड्यास किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावयास हवी. प्रत्यक्षात मात्र, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील ५४.४ टक्के व्यक्तींची हालचाल अपुरी आढळली.

सल्ला आणि आचरण यांत एवढे अंतर का पडावे? याचे उत्तर बहुधा केसपेपरवर सापडत नाही. ते वस्तीत सापडते. रस्त्यावर दिवे नसतात, मोकाट कुत्र्यांची भीती असते, नळाला पाणी येण्याची वेळ आणि फिरण्याची वेळ एकच असते. घरातील सून एकटी फिरावयास निघाली तर चार लोक विचारतात. या अडचणी रहिवासी जाणतात, डॉक्टर जाणत नाहीत. उलट, चालताना छातीत दुखल्यास काय करावे, इन्शुलिन घेणाऱ्याने व्यायामापूर्वी कोणती काळजी घ्यावी, बधिर झालेल्या पायांना कोणते पादत्राण योग्य, हे सांगण्याचे काम वैद्यकीय तज्ज्ञांचेच आहे. म्हणून व्यायामाचा कार्यक्रम दोघांनी मिळून आखावा, असा विचार आता सर्वत्र मान्य होत आहे.

याचे एक बोलके उदाहरण चेन्नई येथील आहे. तेथे डॉ. व्ही. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन वस्त्यांची पाहणी सुरू केली. मध्यम उत्पन्न गटाच्या वसाहतीत पाहणीचे निष्कर्ष रहिवाशांपुढे मांडण्यात आले. त्यानंतर रहिवाशांनी स्वतः निधी उभारून वसाहतीत उद्यान तयार केले. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून ५८.७ टक्क्यांवर गेल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. तज्ज्ञांनी माहिती दिली आणि मार्ग लोकांनी ठरविला.

याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. दहा वर्षांत मध्यम उत्पन्न गटातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून १५.४ टक्के झाले. अल्प उत्पन्न गटात मात्र ते ६.५ वरून १५.३ टक्क्यांवर पोहोचले. या फरकाचे श्रेय केवळ उद्यानास देता येणार नाही. राहणीमान व आहारातील बदलही त्यामागे आहेत. तथापि, ज्यांना वर्गणी काढून उद्यान उभारणे शक्य नाही, त्यांच्यापर्यंत धर्मादाय संस्थेनेच पोहोचले पाहिजे, हा बोध आम्हांस स्पष्ट दिसतो.

संयुक्त आखणीची रीत सोपी आहे. प्रथम वस्तीत बैठक घ्यावी. स्त्रियांची व ज्येष्ठांची बैठक स्वतंत्र घ्यावी, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतात. जागा, वेळ व सोबत रहिवाशांनी ठरवावी. डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनी त्यातील धोके सांगून तपासणीची जबाबदारी घ्यावी. तीन महिन्यांनी किती जण टिकले व किती गळाले, हे एकत्र बसून पाहावे आणि गळालेल्यांची कारणे विचारून योजनेत बदल करावा.

जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता, छापील पत्रकांचा खर्च हिशेबात लगेच दिसतो. त्या पत्रकांमुळे किती जण चालू लागले, हे कोणत्याही वहीत दिसत नाही. बैठकींसाठी कर्मचाऱ्यांचा वेळ लागतो आणि फळ उशिरा मिळते. तरीही एखाद्या गल्लीतील दिवा किंवा मंदिराच्या पटांगणातील चार बाके पुष्कळ पत्रकांहून अधिक उपयोगी ठरू शकतात. देणगीदारांनी इमारत व यंत्रसामग्रीबरोबर अशा लहान, लोकांनी मागितलेल्या कामांसही साहाय्य करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.