परदेशचें नातें आणि सरकारचा विश्वास

रोह्याचें नांव निघालें कीं जुन्या पिढीस चिंतामणराव देशमुख आठवतात. महाडजवळील नाते या गांवीं १८९६ सालीं त्यांचा जन्म झाला. बालपण बहुतेक रोह्यास गेलें. १९१८ सालीं लंडन येथें आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले, आणि १९२० सालीं त्यांनीं एका इंग्रज युवतीशीं विवाह केला. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व १९५० सालीं स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री. सासुरवाड परदेशची, तरी देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हातीं आल्या. तें नातें कोणापासून लपलेलें नव्हतें.

हें स्मरण होण्यास कारण असें कीं, आज पेण-रोह्याकडील घरांतील कांहीं मुलें अमेरिकेंत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालीं आहेत. त्यांपैकीं एखाद्यास संरक्षणखात्याचें गुप्त काम करावयाचें असल्यास 'सिक्युरिटी क्लिअरन्स', म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याचा परवाना, मिळवावा लागतो. आईबाप व भावंडें कोणत्या देशाचे नागरिक, परदेशांत जमीन, घर वा ठेव काय आहे, हें सारें त्या अर्जांत विचारलेलें असतें. वृद्ध आईबाप पेणला राहतात एवढ्यावरून कोणी आपोआप अपात्र ठरत नाहीं. त्या नात्याचा किंवा पैशाचा धाक घालून उद्यां कोणी त्याच्याकडून गुपित काढूं शकेल काय, हें अधिकारी पाहतात. देश कोणता, संबंध किती निकटचा, तिकडील मिळकत त्याच्या एकंदर संपत्तीच्या मानानें केवढी, याचा त्यांत विचार होतो. मात्र जाणूनबुजून कांहीं लपविलें, तर तो निराळा दोष ठरतो, आणि तोच पुष्कळदां अधिक भोंवतो.

आपल्याकडेही असेंच आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक-नियमांप्रमाणें नोकरानें परकी नागरिकाशीं विवाह केल्यास तें सरकारास ताबडतोब कळवावें लागतें. परदेशांत स्थावर मिळकत घेण्यास आधीं मंजुरी लागते. नेमणुकीच्या वेळच्या पडताळणी-पत्रकांत मुलें परदेशीं राहत असल्यास तेंही लिहावें लागतें. माहिती दडविल्यास अपात्रता येईल, असा इशारा तेथेंच असतो.

आतां वडीलधाऱ्यांच्या कर्तव्याकडे वळूं. एकत्र कुटुंबांत पैशाची गोष्ट मुलांपाशीं काढावयाची नाहीं, हा आपला जुना शिरस्ता. आजोबा निवर्तले, भातखाचराच्या सात-बारावर नातवाचें नांव वारसानें लागलें. आजीनें मायेनें त्याच्या नांवें ठेव ठेवली. आणि त्यास मात्र पत्ता नाहीं! वारसानें शेत मिळण्यांत गैर कांहींच नाहीं. पण त्यानें प्रामाणिकपणें 'नाहीं' असें लिहिलें आणि पुढें चौकशींत तें बाहेर आलें, तर खुलासा करतां करतां त्याच्या नाकीं नऊ येतील. चूक आपल्या मौनाची, आणि संशय त्याच्यावर!

यासाठीं प्रत्येक घरांत एक वही असावी. जमिनीचे गट नंबर, खातीं, ठेवी, देणीं, आणि कोणाचें नांव कोठें लागलें आहे, हें तींत लिहावें. गणपतीस सारीं मुलें घरीं जमतात. त्या वेळीं ती वही सर्वांसमक्ष वाचावी, आणि जे येऊं शकले नाहींत त्यांना नक्कल पाठवावी. मुलास परदेशीं धाडतांना शिदोरी आपण विसरत नाहीं. या वहीची नक्कलही तितक्याच आठवणीनें त्याच्याबरोबर द्यावी.