बटण दाबल्यावर चित्र नेमकं केव्हा बदलतं?

पायथनमध्ये टीकिंटर वापरून खिडक्या आणि बटणं करायला शिकणाऱ्यांचा एक समज फार पक्का असतो. बटणाला जोडलेल्या फंक्शनात लेबलला नवं चित्र दिलं, की ती ओळ पार पडताच पडद्यावर ते चित्र येतं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या ओळीने एवढीच नोंद होते की हे लेबल पुन्हा रंगवायचं आहे. रंगवण्याचं काम घटना एकेक करून हाताळणाऱ्या इव्हेंट लूपचं, आणि तुमचं फंक्शन संपून ताबा परत मिळाल्याशिवाय त्याला ते करता येत नाही. हे पडताळून पाहणं सोपं आहे. एकाच फंक्शनात पहिलं चित्र लावा, टाइम मॉड्यूलच्या स्लीपने दोन सेकंद थांबा आणि मग दुसरं लावा. पहिलं चित्र दिसतच नाही. खिडकी दोन सेकंद गोठते आणि थेट दुसरं चित्र येतं. अशा वेळी दोष संगणकाच्या वेगाला किंवा फाइलच्या आकाराला दिला जातो. पण स्लीपच्या काळात इव्हेंट लूपच अडकून पडलेलं असतं. दुसरं चित्र आफ्टर या पद्धतीकडे 2000 मिलिसेकंदांच्या मुदतीने सोपवलं, तर फंक्शन लगेच संपतं आणि दोन्ही चित्रं दिसतात.

यावर कोणी म्हणेल, मधे अपडेट ही एक ओळ टाकली की काम होतं, मग एवढा खटाटोप कशाला? काम होतं हे खरं. पण अपडेट रंगवण्याबरोबरच साचलेल्या सगळ्या घटनाही हाताळतं. वापरणाऱ्याने अधीर होऊन बटण पुन्हा दाबलं असेल, तर पहिलं फंक्शन अर्धवट असतानाच तेच फंक्शन दुसऱ्यांदा सुरू होतं. असे दोष रोज दिसत नाहीत, म्हणूनच ते शोधणं जिकिरीचं होतं. मोठं चित्र वाचायला किंवा लहान करायला वेळ लागत असेल, तर ते काम वेगळ्या थ्रेडवर न्यावं आणि तयार चित्र लेबलला लावण्याचं काम मुख्य थ्रेडवरच ठेवावं. मुळात प्रत्येक ओळीनंतर लगेच रंगवलं असतं तर काय बिघडलं असतं, हाही आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण एका क्लिकवर चित्र, मथळा आणि रंग असे तीन बदल होत असतील, तर तीनदा रंगवणं वाया जातं आणि मधल्या अर्धवट अवस्था डोळ्यांना खुपतात. रंगवणं पुढे ढकलल्यामुळे हे बदल एकदमच दिसतात.

सर्वांत चकवणारा प्रकार मात्र वेगळा आहे. क्लिक केल्यावर लेबलचा आकार नव्या चित्राएवढा होतो, पण आत काहीच नसतं. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. फाइलचा मार्ग चुकला असावा, हा पहिला तर्क. पण मार्ग चुकला असता तर फोटोइमेज तयार होतानाच प्रोग्रामने तक्रार केली असती. खरं कारण असं की लेबल त्या चित्राचं फक्त नाव लक्षात ठेवतं. पायथनमधली फोटोइमेज ही वस्तू फंक्शनातल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये असेल, तर फंक्शन संपताच तिचा शेवटचा संदर्भ जातो, पायथन ती नष्ट करतं आणि जाताना ती टीकिंटरमागच्या टीके (Tk) या प्रणालीलाही चित्र पुसायला सांगते. लेबल आपला आकार राखतं आणि जागा कोरी रंगवतं. इव्हेंट लूपची रंगवायची पाळी येते, तोवर चित्र गेलेलं असतं. ग्लोबल व्हेरिएबल केल्यावर चित्र दिसू लागतं, म्हणून टीकिंटरला ग्लोबलच लागतं, असाही समज पसरला आहे. हवा असतो फक्त टिकून राहणारा संदर्भ. तो लेबलच्याच एखाद्या गुणधर्मात ठेवणं अधिक नीटस, कारण त्यामुळे चित्र लेबलबरोबर जगतं आणि पुढच्या क्लिकला नवं चित्र त्याच जागी ठेवलं की जुनं आपोआप मोकळं होतं.