ईस्टरला अंडीच का? आणि त्यातलं एक अंडं मुद्दाम रिकामं का ठेवतात?

ईस्टर जवळ आला की मुंबई-वसईकडच्या बेकऱ्यांमध्ये मार्झिपान आणि चॉकलेटची रंगीत अंडी दिसू लागतात. मोबाईलवर अंडी रंगवण्याचे रील फिरायला लागतात. मग घरातलं एखादं पोर विचारतं, "ईस्टर म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाले तो दिवस ना? मग त्यात अंड्याचं काय काम?"

प्रश्न बिनतोड आहे. कारण बायबलमधल्या पुनरुत्थानाच्या कथेत अंडं कुठेच नाही. ससाही नाही. अंडी आणणाऱ्या सशाचा एक जुना लेखी उल्लेख सापडतो तो थेट १६८२ सालचा, एका जर्मन वैद्याच्या लिखाणात. मग ही अंडी आली कुठून?

उपवासातून उरलेली अंडी

ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि मधले रविवार त्यात मोजत नाहीत. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण कोंबड्यांना उपवास कुठे ठाऊक? त्या अंडी देतच राहायच्या. साठलेली अंडी लोक उकडून ठेवत, आणि ईस्टरला उपवास सुटला की ताटात पहिला मान त्यांचाच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ईस्टरसाठी ४५० अंडी घेतल्याची नोंद आहे. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून वाटायची होती.

म्हणजे अंड्याचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: संयमाचे दिवस संपले, आनंदाचा दिवस आला.

लाल रंग कशाचा?

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा अर्थ आणखी खोल गेला. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात. लाल म्हणजे येशूंनी क्रुसावर सांडलेलं रक्त. कवच म्हणजे बंद कबर. ईस्टरला दोघं जण आपापली अंडी एकमेकांवर आपटतात. एक म्हणतो, "ख्रिस्त उठला आहे." दुसरा उत्तर देतो, "खरोखर उठला आहे." कवच तडकलं, म्हणजे कबर उघडली. लहान मुलालाही हे वेगळं समजवावं लागत नाही, कारण ते त्याच्याच हातात घडलेलं असतं.

बारावं अंडं

आज अनेक ख्रिस्ती घरांत आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणखी एक पद्धत वापरतात. प्लॅस्टिकची उघडझाप करणारी बारा अंडी घ्यायची आणि प्रत्येकात एक छोटी वस्तू ठेवायची. येशू यरुशलेममध्ये आले म्हणून गाढवाचं खेळणं. यहूदाने ३० नाण्यांसाठी त्यांना पकडून दिलं म्हणून नाणी. मग काटा, खिळा, क्रूस, कफनाच्या कापडाचा तुकडा, कबरीच्या तोंडाशी लोटलेला दगड. मुलं एकेक अंडं उघडतात आणि गोष्ट पुढे सरकते.

शेवटचं अंडं उघडलं की आत काहीच नसतं.

मुलांचा चेहरा पडतो. "यात काही ठेवायचं राहिलं का?" असंही विचारतात. नेमका हाच तो क्षण. रविवारी पहाटे कबरीकडे गेलेल्या स्त्रियाही आधी अशाच गोंधळल्या होत्या. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया रिकामी कबर पाहून रडते. तिला वाटतं, प्रभूंचा देह कुणीतरी उचलून नेला. आनंद नंतर येतो. ख्रिस्ती श्रद्धेत हे रिकामेपणच सगळ्यात मोठी बातमी आहे: जिथे मृत्यू असायला हवा होता, तिथे तो नाही.

सांगताना तीन गोष्टी सांभाळा

पहिली, शुक्रवार गाळू नका. मूल घाबरेल म्हणून बरेच पालक क्रुसावरचा मृत्यू वगळून थेट चॉकलेटवर येतात. पण मृत्यूच सांगितला नाही, तर पुन्हा जिवंत होण्यात विशेष ते काय? लहान मुलांना जखमांची वर्णनं नकोत. "येशू खरंच मरण पावले, सगळे खूप रडले," एवढं पुरेसं आहे.

दुसरी, अंडं बायबलमधलं आहे असं सांगू नका. ही माणसांनी नंतर जोडलेली खूण आहे, हे मुलांना सरळ सांगता येतं. मोठेपणी त्यांना ते कळणारच आहे.

तिसरी, चॉकलेट काढून घेऊ नका. सणाला गोडधोड हवंच. फक्त बारावं अंडं उघडेपर्यंत थांबा. त्या रिकाम्या अंड्याकडे मुलांना क्षणभर बघू द्या, मग खाऊ वाटा.